टीचरचं नंतर बघू, आधी मावशीचं ठरवा

तुमचा प्रश्न असा: मुलगा गोव्यातल्या फोंड्याजवळच्या शाळेत यूकेजीत, थोरली तिथेच तिसरीत. नाताळची सुट्टी लागायच्या आत टीचर, वर्गातली मावशी आणि बालरथवाले, म्हणजे शाळेच्या बसवाले, सगळ्यांना काहीतरी द्यावं असं मनात आहे. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रत्येकी पाचशे' असा मेसेज फिरतोय. सासूबाई म्हणतात, दिवाळीला फराळ दिला की, आता परत कशाला? नवरा म्हणतो, मग-बिग आण एखादा आणि विषय संपव. तुम्हाला कळत नाही की कुणाला काय, किती आणि कधी.

मी 31 वर्षं शाळेत काढली. 22 वर्षं केजी आणि पहिलीला शिकवलं, शेवटची 9 मुख्याध्यापिका होते. म्हणजे आधी भेटी घेतल्या आणि नंतर भेटींवरून झालेल्या कुरबुरी ऐकल्या. दुसऱ्या कामात जास्त शिकले.

नवऱ्याच्या मगाचं आधी निकालात काढते. निवृत्त झाले त्याच महिन्यात मी दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उपसलं. 39 मग निघाले. त्यातल्या 14 वर 'बेस्ट टीचर'. आमच्या घरी माणसं दोन, आणि दोघंही चहा स्टीलच्या पेल्यातून पितो. मुलांचे फोटो घातलेल्या फ्रेमा 11. त्या टाकताही येत नाहीत, कारण त्यातला एक आता म्हापशाला बँकेत कॅशियर आहे आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दर्शनाला येतो. छोटे पितळी गणपती 6, सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, मूर्ती 3. देव तर कुणाचाही असो, टाकवत नाही. ते अजून तसेच रांगेत उभे आहेत. अत्तरं, सेंट, बॉडी लोशनचे सेट यांचा हिशेबच ठेवला नव्हता. तेव्हा चहाचे मग, फ्रेम, मूर्ती आणि वास येणारी कुठलीही वस्तू, यांच्यावर आधीच काट मारा.

आता मुद्द्याचं. सगळे पालक यादी वरून करायला बसतात: आधी टीचर, मग दुसरी टीचर, जमलं तर मुख्याध्यापिका, आणि उरलं तर मावशी. तुम्ही ती खालून करा. हे चांगुलपणासाठी सांगत नाही, वर्गात काय चालतं ते बघितलंय म्हणून सांगते.

यूकेजीतल्या मुलाचा दिवस बघा. सकाळी बसमधून, गाडीवरून रडत उतरणाऱ्याला पहिल्यांदा उचलते ती मावशी. काही शाळांत तिला आया म्हणतात, काही ठिकाणी नुसतं 'बाय'. मधल्या सुट्टीत 24 डब्यांची झाकणं तीच उघडते, त्यातली निम्मी घट्ट बसलेली असतात. कुणाची चड्डी ओली झाली की त्याला बाथरूममध्ये नेऊन धुते, दप्तरातली जादा चड्डी घालते, ओली पिळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारते आणि ती पिशवी दप्तराच्या अशा कप्प्यात ठेवते की बाकीच्या पोरांना दिसू नये. शेवटची गोष्ट तिला कुणी शिकवलेली नसते. दुपारी गेटवर कुणाला न्यायला आजोबा येतात, कुणाला शेजारीण, कुणाचे वडील या आठवड्यात बोटीवर गेलेत, हे तिला तोंडपाठ असतं. टीचरच्या रजिस्टरमध्ये ते नसतं.

आणि नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तिच्या हातात काय येतं, ते मी बघितलंय. एका वर्षी माझ्या टेबलावर 19 पिशव्या जमल्या होत्या. त्या रिक्षात चढवायला मावशीच मदत करत होती. तिला मिळालं होतं एक चॉकलेट, तेही एका पोरानं वाटेत अर्धं खाऊन मग दिलेलं. मला लाजल्यासारखं झालं. मी माझ्यातल्या दोन पिशव्या तिच्या पुढे केल्या. तिनं एक उलटून पाहिली, पिशवीला बांधलेलं कागदी लेबल वाचलं आणि परत ठेवली. म्हणाली, "टीचर, हाचेर नांव तुमचें आसा." दुसऱ्या पिशवीवरही माझंच होतं. सगळ्यांवर माझंच होतं.

तर मावशीला काय द्यायचं? पैसे द्या. 'पैसे दिलेले बरे दिसत नाहीत' असं टीचरच्या बाबतीत म्हणा, ते बरोबर आहे. मावशीच्या बाबतीत तो संकोच आपल्या सोयीचा आहे, तिच्या नव्हे. बहुतेक शाळांत ती कंत्राटावर असते, पगार बेताचा, आणि डिसेंबरात तिच्या घरी खर्च निघालेले असतात. एकट्या कुटुंबाकडून 300 ते 500 रुपये, बंद पाकिटात, कोऱ्या नोटा. पाकीट मुलाच्या हातून पाठवू नका. पाच वर्षांचं पोर ते बसमध्ये उघडतं आणि मोजतं. तुम्ही स्वतः गेटवर द्या, बाकीच्या पालकांची गर्दी पांगल्यावर. मुलाच्या हातून त्यानं काढलेलं चित्र जाऊ दे.

मावशी ख्रिश्चन असेल तर दोन गोष्टी जास्त बघाव्या लागतात. पहिली वेळ. नाताळ तिचा घरचा सण. पोरांचे कपडे शिंप्याकडे टाकलेले असतात, मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नवं घालायचं असतं, येशूजन्माचा गोठा करायचा, नक्षत्र (चांदणीचा कंदील) लावायचं. 23 तारखेला दिलेले पैसे तिला आवडतील, पण उपयोगी पडतील ते 10-12 तारखेला दिलेले. आपल्याला कुणी चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणायला पैसे दिले तर काय होईल, तसंच ते.

दुसरी गोष्ट खाण्याची. नाताळाच्या घरात गोड नेण्यात काही अर्थ नाही. त्या घरात आधीचे आठ-दहा दिवस कुस्वाराचंच, म्हणजे नाताळच्या फराळाचंच, काम चाललेलं असतं, 24 तारखेला डबे भरलेले असतात. आपण वर केक नेतो, तो शेजारी जातो. त्यापेक्षा सामान न्या, आणि लवकर न्या. दोदोलाला नारळ ढिगानं लागतात आणि माडाचं गूळ लागतं. बेबिंकला तूप, नेवऱ्यांना रवा, खोबरं, काजू. आमच्या वर्गात एक कुळागरवाले, म्हणजे माड-पोफळीच्या बागेचे, पालक होते, केरीकडचे. त्यांनी एका वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावशीला दहा सोललेले नारळ आणि पाव किलो काजूगर आणून दिले, पोत्याच्या पिशवीत, वर रिबन नाही की काही नाही. त्यानंतरच्या वर्षी त्यांचा मुलगा पहिलीत गेला होता, तरी जानेवारीत मावशीनं त्यांच्या घरी दोदोलाची वडी पोचवली. मला त्या 31 वर्षांत इतकी अचूक भेट दुसरी आठवत नाही.

मावशी हिंदू असेल तर पैसे तेच, घाई नाही. सोबत काही द्यायचंच तर चांगली छत्री, नाहीतर टिकाऊ चपलांसाठी थोडी रक्कम वर. तिचा दिवस उभ्यानं जातो. साडी नको. रंग आवडत नाही, ब्लाऊज शिवायचा खर्च तिच्यावर येतो, आणि तीच साडी वर्गातल्या दोन पालकांनी दिलेली निघते. हे झालेलं आहे.

आता टीचर. इथं उलट सांगते: कमी करा. 150-200 रुपयांच्या वर जाऊ नका, आणि जानेवारी संपेपर्यंत संपून जाईल असं द्या. घरचं असेल तर उत्तम. कोकमाचं आगळ बाटलीभर, घरची सोलां (सुकवलेली कोकमं), तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं, नारळाच्या वड्या. फोंड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको, तुमच्या सासूबाईंच्या फडताळात आत्ता यातलं निदान एक असणार. टीचर सुट्टीत ते वापरते आणि बाटली रिकामी होते. मगाचं असं होत नाही.

वर्गात वापरायची वस्तूही चालते, पण ती मात्र टीचरला विचारून. चांगले व्हाईटबोर्ड मार्कर, जाड क्रेयॉन, डिंकाच्या मोठ्या बाटल्या, मराठी-कोंकणी चित्रगोष्टींची पुस्तकं. जूनमध्ये शाळेकडून मिळालेलं हे सामान डिसेंबरपर्यंत संपलेलं असतं आणि पुष्कळ टीचर स्वतःच्या पैशानं आणतात. मी आणत असे. एका पालकानं सुट्टीच्या आधी नुसतं विचारलं, "टीचर, वर्गात काय संपलंय?" मी म्हटलं, पांढरा ड्रॉइंग पेपर. त्यांनी रीमभर आणून दिला. तो फेब्रुवारीपर्यंत पुरला आणि सगळ्याच मुलांनी वापरला, त्यामुळे 'कुणी दिला' हा प्रश्नही उरला नाही.

खाण्याचं देणार असाल तर एक गोष्ट जपा. डिसेंबरात बहुतेक वर्षी मार्गशीर्ष असतो. आपल्या टीचरांपैकी कित्येक जणी गुरुवार करतात, काही सोमवारही, आणि काही वर्षभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात. बेकरीतला केक किंवा बेबिंक हातात दिलं की त्या हसून घेतात आणि स्टाफरूममध्ये ठेवून देतात. बेबिंक म्हणजे अंड्याच्या बलकांवरच उभं असलेलं पक्वान्न. बोलिन्हा आणि बात्क यांतही अंडं असतं, कुलकुलांच्या पिठात बहुतेक जणी घालतात. पण कुस्वारातलंच द्यायचं तर अंड्याशिवायचंही भरपूर आहे. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गुळाचं. दोस चण्याच्या डाळीचं आणि खोबऱ्याचं. पेराद पेरूचं. पिनाग आणि नेवऱ्याही. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या मात्र सुट्टीच्या शेवटच्या दिवशी देऊ नका. टीचर गावी जायला निघते, पिशवी बसमध्ये, आणि तीन दिवसांत त्यांना वास येतो. पेराद आणि दोदोल टिकतात.

टीचर बाहेरगावची असेल, म्हणजे गोव्यात नवी आलेली, तर तिला खाजे द्या. चण्याच्या पिठाच्या काड्या, गूळ, आलं, तीळ. जत्रेतलं खाजं म्हणून आपण त्याला किंमत देत नाही, पण 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, बेबिंकच्याही दोन वर्षं आधी. शिवराक माणसालाही चालतं, टिकतं, आणि 8 डिसेंबरच्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, पणजीला किंवा मडगावला ताजं मिळतं. एका टीचरला मी स्वतः दिलं होतं. ती त्यातलं अर्धं घरी सांगलीला घेऊन गेली आणि जानेवारीत येऊन म्हणाली, वडिलांचे दात दुखले पण डबा त्यांनीच संपवला.

डबा म्हटल्यावर आठवलं. घरचं काही देताना ते चांगल्या स्टीलच्या डब्यात देऊ नका. तुमच्या सासूबाईंची रीत मला माहीत आहे, माझ्या सासूचीही तीच. शेजारच्या ख्रिश्चन घरातून नाताळला विणलेल्या रुमालानं झाकलेलं ताट येतं, आपल्याकडून चवथीला, दिवाळीला जातं, आणि ताट कधी रिकामं परत करायचं नाही. दोन शेजाऱ्यांत हे छान चालतं. पण टीचरच्या वर्गात 24 ताटं आली तर ती बिचारी 24 ताटं कशी भरणार? आणि जानेवारीत प्रत्येक आई गेटवर हळूच विचारते, "टीचर, आमचा डबा...?" काचेची जुनी बरणी धुऊन द्या किंवा कागदी खोका. परत मागायचं नाही असंच भांडं द्या.

सासूबाईंच्या प्रश्नालाही हेच उत्तर. दिवाळीचा फराळ गेला तो टीचरकडे, नाही का? मावशीला किती गेला? विचारून बघा. मला वाटतं, नाताळाला टीचरला काहीच दिलं नाहीत तरी चालेल, पाकीट तेवढं मावशीला द्या. त्यावर सासूबाईही नाही म्हणणार नाहीत.

साड्या, कानातलं, गिफ्ट कार्ड, महागडं घड्याळ: यातलं काहीही टीचरला नको. कारण सांगते. डिसेंबर म्हणजे गेदरिंगचा महिना. माझ्या केजीच्या वर्षांत आम्ही दरवर्षी गोठ्याचं छोटं नाटक बसवत असू. मेरी एक, जोसेफ एक, तीन राजे, देवदूत हवे तेवढे, आणि उरलेली सगळी मेंढ्या. एका आईनं नोव्हेंबरच्या शेवटी मला साडी आणून दिली, चांगली, सिल्कची. म्हणाली, नाताळ जवळ आला ना टीचर. मी घेतली. ती घेणं ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. आठवड्यानं भूमिका वाटल्या. मुलगी मेंढी झाली, कारण तिला चार पायांवर रांगायला मनापासून आवडायचं आणि ती इतकं सुंदर बें-बें करायची की बाकीच्या मेंढ्या तिच्याकडून शिकल्या. आई दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात. साडीचं नाव तिनं काढलं नाही. फक्त म्हणाली, "टीचर, मेंढी?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मला ती साडी पुढे कधी नेसवली नाही. नेसले असते तर तिला वाटलं असतं मी विसरले, परत केली असती तर गावभर झालं असतं. अजून कपाटात आहे.

सरकारी शाळेतल्या शिक्षकांना तर सेवेचे आचारनियमच लागू असतात, मौल्यवान भेट घेणं त्यांना अडचणीचं ठरतं. पुष्कळ खासगी शाळाही डायरीत लिहितात की शिक्षकांना भेटी देऊ नयेत. तुमच्या शाळेची डायरी आधी उघडून बघा. तसं लिहिलं असेल तर टीचरला फक्त चिठ्ठी. मावशीबद्दल ऑफिसात विचारा. बहुतेक मुख्याध्यापिका तिथं नाही म्हणत नाहीत. मी म्हणत नसे.

वाइनचं वेगळं सांगायला हवं, कारण हा गोवा आहे. एका मुलाच्या दप्तरातून मला घरच्या वाइनची बाटली आली होती, पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यात, बूच सैल. त्यानं सगळ्या वर्गासमोर जाहीर केलं, "टीचर, पप्पान तुमकां वायन धाडल्या." तोपर्यंत निम्मी त्याच्या अंकलिपीनं प्यायली होती. शाळेच्या फाटकाच्या आत बाटली आणू नका, एवढंच.

ग्रुपवरच्या पाचशेचं काय करायचं? ठराविक रक्कम ही कल्पनाच मोडून काढा, पण गोडीनं. 24 मुलांत दोन-तीन घरं तरी अशी असतात जिथं डिसेंबर कठीण असतो. वडिलांचं जहाजावरचं कंत्राट संपलेलं, कुणाचा किनाऱ्यावरचा शॅक यंदा चालला नाही. 'प्रत्येकी पाचशे' वाचून ती आई ग्रुप म्यूट करते आणि पुढच्या पालकसभेला येत नाही. मी मुख्याध्यापिका असताना दरवर्षी जानेवारीत अशी एखादी आई दिसायची बंद व्हायची, कारण कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही असा मेसेज टाका: 'मावशीसाठी आणि टीचरसाठी एकत्र करतोय. ज्यांना जमेल त्यांनी जमेल तेवढे 10 तारखेपर्यंत मला गूगल पे करा. कार्डावर सगळ्या 24 मुलांची नावं असतील.' कुणी किती दिले ती यादी ग्रुपवर टाकू नका, 'आलेले' म्हणून अंगठेही नकोत. एकूण किती जमले आणि कुणाला किती दिले, एवढंच शेवटी कळवा.

समजा 18 घरांनी मिळून 1800 जमले. मी असते तर 1100 मावशीला, 300 बाथरूम साफ करणाऱ्या बाईला आणि उरलेल्या 400 चं वर्गासाठी किंवा टीचरसाठी काही आणलं असतं. ग्रुपवर कुणीतरी विचारेल, टीचरला कमी कसं? विचारू दे. टीचरलाच दाखवा हवं तर. मी ओळखते अशा दहापैकी नऊ टीचर म्हणतील, बरोबर केलंत.

बालरथचं तुमच्या थोरलीपुरतं आहे, ते वर्गाच्या वर्गणीत घालू नका. बसमधून जाणाऱ्या मुलांचे पालक वेगळे जमवू द्या. ड्रायव्हर आणि अटेंडंट दोघांना सारखं. अटेंडंटला विसरतात. पावसात मुलांना रस्ता ओलांडून देते ती तीच. माध्यान्ह आहार आणणाऱ्या महिला गटाच्या बायकांना मुलीकडून एक चित्र पाठवा, भाजीपावाचं. त्यांना आजवर कुणी काही दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

वर्गात एखाद्या मुलासाठी वेगळी शॅडो टीचर बसत असेल आणि तिचा पगार त्याचे पालक देत असतील, तर त्यांच्यासाठी हिशेब निराळा. ती त्यांच्याकडे कामाला आहे. तिला वर्षाला जो काही बोनस द्यायचा तो चवथीला किंवा दिवाळीला ठरवून द्यावा, आणि नाताळची सुट्टी पगारी. भेट म्हणून दिलेला केक बोनसमध्ये धरायचा नाही. तुम्हाला, म्हणजे दुसऱ्या पालकांना, तिच्यासाठी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे वर्गाच्या कार्डावर तिचंही नाव घालणं. ती दिवसभर त्याच खोलीत असते, तुमच्याही मुलाच्या बुटाची लेस बांधते, आणि ग्रुप फोटोत तिला कोपऱ्यात उभं करतात.

चिठ्ठीबद्दल बोलायचं राहिलं, आणि खरं तर माझ्याकडे आज ठेवलेलं जे काही आहे ते चिठ्ठ्याच आहेत. एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून. त्यातल्या 'तुम्ही आमच्या मुलाच्या आयुष्याला आकार दिला' छापाच्या मी परत वाचत नाही. वाचते त्या अशा: 'तुम्ही त्याला राहुलच्या शेजारी बसवल्यापासून तो डब्यातली वालीची भाजी संपवतो.' 'ती आता रात्री दिवा बंद करून झोपते, म्हणते टीचरनं सांगितलं अंधार म्हणजे डोळे मिटलेली खोली.' मी असं कधी म्हटलं होतं ते मला आठवत नाही, पण तिला आठवलं. तुम्हीही एकच गोष्ट लिहा, या जूनपासून डिसेंबरपर्यंत घडलेली, तुमच्या मुलाची. दोन ओळी पुरे. मुलाला चित्र काढू द्या आणि त्याला हात लावू नका. आईनं काढलेला सांताक्लॉज टीचरला पहिल्या नजरेत ओळखू येतो. मागे तारीख आणि त्याचं वय लिहा.

मावशीसाठी चिठ्ठी लिहिताना जरा विचारून घ्या. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडच्या, जुन्या पठडीतल्या ख्रिश्चन बायका कोंकणी रोमी लिपीत वाचतात, देवनागरी त्यांना जड जाते. तिला चिठ्ठी देण्यापेक्षा पोरानं समोर उभं राहून एक वाक्य म्हटलेलं जास्त पोचतं. पण तिच्यासाठी एक चिठ्ठी दुसरीकडे द्या: मुख्याध्यापिकेकडे. 'आमच्या मुलाला शाळेत उलटी झाली तेव्हा मावशीनं असं असं केलं, आम्ही आभारी आहोत', खाली सही आणि तारीख. साधा कागद. कंत्राटाचं नूतनीकरण असतं तेव्हा मॅनेजमेंटच्या टेबलावर तक्रारी तेवढ्या आलेल्या असतात, चांगलं लिहून कुणी देत नाही. माझ्या 9 वर्षांत असे कागद आले ते सात. सातही मी फाइलला लावले, आणि त्यातले दोन मला प्रत्यक्ष पुढे करावे लागले.

तारखांचं सांगून थांबते. 3 डिसेंबरला गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, 8 ला पणजी-मडगावचं, 19 ला मुक्तिदिन, आणि त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत अर्धी मुलं गावाला गेलेली असतात, उरलेली केक खाऊन नाचत असतात. तेव्हा ख्रिश्चन मावशी असेल तर 12 च्या आत, बाकी सगळ्यांचं 17 किंवा 18 ला. शेवटच्या दिवशी गेटवर टीचरला गाठू नका, तिच्या हातात तेव्हा कुणाचे तरी पंख आणि कुणाची तरी मेंढीची शेपटी असते.

आणि पाकिटावर नुसतं 'मावशीस' लिहू नका. तिचं नाव लिहा. माहीत नसेल तर उद्या गेटवर तिलाच विचारा, किंवा आज रात्री मुलाला विचारून बघा, कदाचित आडनावासकट सांगेल.